गाडीचं सासर

मागच्या दोन खोल्या भाड्याने देताना मी येणाऱ्याला आधी तीन गोष्टी समजावून सांगत असे: पाण्याची वेळ, गच्चीची किल्ली आणि कचऱ्याचा डबा. हे गृहस्थ आले तेव्हा माझं बोलणं ऐकायला ते जवळ नव्हतेच. ते फाटकाशी थांबले होते. दोन्ही हात पसरून त्यांनी फाटकाची रुंदी मापली, वर आंब्याच्या फांदीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आक्का, ही फांदी तोडाय लागंल."

"खोल्या बघायच्या नाहीत का?"

"खोल्या मंडळी बगत्यात. मी धाकटीची सोय बगतोय."

दुसऱ्या दिवशी धाकटी आली ती दहा चाकांवर, हॉर्न न वाजवता, नव्या नवरीसारखी हळू. फांदी मी तोडू दिली नाही. त्यांनी ती दोरीने वर ओढून बांधली आणि पुढे इथे राहिले तोवर दर पावसाळा संपला की दोरी बदलत राहिले. आता ते दोघं दुसरीकडे राहायला गेलेत, त्या खोल्या रिकाम्या आहेत, पण फांदीला वर जायची सवय लागली आहे.

नातवंडांनो, परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत की त्या ट्रकवाल्या आजोबांचं काय झालं. मे महिन्यात तुम्ही आला होतात तेव्हा त्यांनी तुमचे बूट काढायला लावून तुम्हाला केबिनमध्ये बसवलं होतं, आणि नंतर तुम्ही खाली उतरायला तयार नव्हतात. फोनवर सांगून संपणारी ती गोष्ट नाही, म्हणून लिहून पाठवते. एखादा शब्द अडला तर आईला विचारा.

ते मूळचे गगनबावड्याकडचे. उंच, किडकिडीत, कपाळावर कायम आठी. पण ती आठी रागाची नव्हती. उन्हात रस्ता बघून बघून पडलेली होती. बोलणं सगळ्या कोल्हापूरला ऐकू जाईल असं. पहिले काही दिवस मला वाटायचं, नवराबायकोचं भांडण चाललंय. नंतर कळलं की ते मीठ मागत होते.

ट्रकच्या मागे लोक काय काय लिहितात ते तुम्ही पाहिलं आहे. यांच्या ट्रकची पाठ कोरी होती. मी कारण विचारलं तर म्हणाले, "लेकीच्या पाठीवर कुणी लिवतंय व्हय, आक्का?" खंडेनवमीला सगळे लोक गाडीची पूजा करतात. हे पूजा झाल्यावर मला बोलावून गाडीची ओटी भरायला लावत. खण, नारळ, तांदूळ, सगळं रीतसर. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, विमा कंपनीत आयुष्य काढलेली बाई. पहिल्या वर्षी हसू दाबताना माझ्या हातातले तांदूळ सांडले. ते खाली बसून एकेक दाणा वेचत होते. पुढच्या वर्षीपासून मी हसले नाही.

त्यांची काही ठरलेली वाक्यं होती. बायको चिडली की ते अंगणात येऊन बसत आणि मला म्हणत, "इंजन आणि माणूस, तापल्यावर झाकण उगडू न्हाय." माल मिळाला नाही आणि परतीला गाडी मोकळी आणावी लागली की, "मोकळी गाडी हाकणं म्हंजे रडतं पोर कडंवर घिऊन बाजार हिंडणं." कुणी घाईने मागून हॉर्न दिला तर ते त्याला वाट देत आणि खिडकीतून ओरडत, "जावा, पावणं, जावा! मी तुमच्या लग्नाला मागनं येतो!"

धाकटी गाडी होती, तर थोरली म्हणजे त्यांची मुलगी, सुरेखा. तिला हुपरीला दिली होती. सासरी घरातच चांदीच्या पैंजणांचं काम. तीही घुंगरं जोडायला बसे. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. आपल्याकडे एक जुनी रीत होती, लेकीला मूल होईपर्यंत आईवडिलांनी तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. आता फारसं कुणी ती पाळत नाही. हे पाळत. हुपरीला गेले की सुरेखाच्या दारातल्या पायरीवर बसत, पिशवीतून आपली बाटली काढून पाणी पीत, आपलाच डबा खात, जावयाशी मोठमोठ्याने गप्पा मारत आणि परत येत. उंबऱ्यापर्यंत जात, पण त्या घरचा घोट न घेता.

सुरेखा एकदा माझ्याकडे कोथिंबीर निवडत बसली होती. निवडता निवडता म्हणाली, "आजी, आबा बाटली काडत्यात तवा मला वाटतंय, मी परीक्षेत परत नापास झालो." (आमच्याकडे बायकाही 'झालो, गेलो' म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच.) मग तिने काड्या कचऱ्यात टाकल्या आणि चहा ठेवायला उठली.

मी त्यांच्याकडे विषय काढून पाहिला. ते म्हणाले, "रीत मी केल्याली न्हाय, आक्का. मग मी मोडणारा कोण?" परक्याच्या घरातलं मी किती बोलणार?

आता गाडीकडे येते. ट्रक स्वतःचा आणि चालवणारेही स्वतः, असे लोक इथे पुष्कळ आहेत. पण एकट्या गाडीला रोज माल कोण देणार? म्हणून ते गाडी एखाद्या ट्रान्सपोर्ट कंपनीला लावतात. माल कंपनीने मिळवायचा, गाडीने पोचवायचा, आणि कंपनीने भाड्यातला आपला वाटा ठेवून घ्यायचा. तुमचे बाबा म्हणाले की तिकडे परदेशातही असंच असतं. तिकडे त्यात सासर-माहेर येतं का, ते मात्र त्यांना विचारा.

यांची गाडी शाहूपुरीतल्या एका कंपनीला लागलेली होती. तिथले शेठ वारले. मुलांनी धंदा आवरला आणि गोदाम लग्नाच्या हॉलला देऊन टाकलं. झालं, धाकटी घरी बसली. मोबाईलवर दलालांकडून माल मिळे, पण जाताना मिळाला तर येताना नाही. पावसाळाभर गाडी आंब्याखाली उभी राहिली. तिच्या चाकांखाली गवत उगवलं आणि हे रोज सकाळी ते उपटत.

त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणत असे. वहिनींचा भाऊ गडहिंग्लजला सिमेंटचं दुकान चालवायचा. त्याला गोदामावर भरवशाचा माणूस हवा होता. वहिनींनी माझ्यासमोरच सांगून टाकलं, "दसऱ्यापतूर गाडी कुटं लागली तर लागली. न्हायतर इकायची आणि गडहिंग्लजला जायचं. मी काय आता गवत बगत बसणार न्हाय."

ते उठून गेले आणि गाडीच्या काचा पुसत राहिले. गोदामात बसून पोती मोजणारा माणूस म्हणून मला ते दिसेचनात. त्यांनाही स्वतःला तसं बघवत नसावं.

मग स्थळं बघायला सुरुवात झाली. त्यांचा शब्द 'स्थळं' हाच. पांढरा इस्त्रीचा शर्ट, डोक्याला टोपी, आणि बरोबर मी. मला वाटलं, करार इंग्रजीत असतात म्हणून मला नेतात. पण तिथे गेल्यावर ते ओळख करून देत, "या आमच्या थोरल्या भगिनी," आणि मला खुर्ची मिळेपर्यंत उभे राहत.

पहिलं स्थळ महामार्गालगतचं, काचेचं ऑफिस. गाडी बरोबर नेली नव्हती. "पयल्यांदाच पोरगी घिऊन कोण जातंय?" समोरचा मुलगा नम्र होता. त्याने लॅपटॉप फिरवून दाखवलं: गाडी कुठे आहे ते नकाशावर दिसणार, भाडं वेळेवर खात्यात, माल दोन्ही बाजूंचा. मी करार वाचला. नोकरीत पाहिलेल्या कित्येक करारांपेक्षा तो स्वच्छ होता. मी मान हलवून तसं सुचवलंसुद्धा.

त्यांनी विचारलं, "हितं वडीलधारं कोण असतंय?"

"हेड ऑफिस पुण्याला आहे, अंकल."

"आणि वाटंत गाडीला काय झालं तर बगाय कोण येतंय?"

"टोल-फ्री नंबर आहे ना."

ते उठले, हात जोडले. "कळवतो."

बाहेर आल्यावर मी चिडून विचारलं, यात वाईट काय होतं? ते म्हणाले, "पोरगं सोन्यासारखं हाय, आक्का. पण घरात माणूस न्हाय." त्या कंपनीला लागलेल्या गाड्या पुढे चांगल्या चालल्या. स्थळ वाईट नव्हतं, हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं आणि नंतरही सांगत आले.

दुसरं स्थळ मार्केट यार्डातलं, गुळाच्या मालाचं. तिथे 'दाखवायचा कार्यक्रम' होता, म्हणून गाडी धुऊन, हार घालून नेली. मी मागून रिक्षाने गेले. त्या केबिनमध्ये चढायचा मला तोवर धीर झाला नव्हता. मालक मोठे दिलखुलास. "या, पावणं, या!" म्हणत बाहेर आले, गाडीपाशी गेले आणि टायरला पायाने एक ठोकर दिली. टायरमध्ये हवा आहे की नाही ते सगळेच असं बघतात. यांचा चेहरा उतरला. ते केबिनमध्ये चढले आणि गाडी मागे घेऊन निघून गेले. मालक हातात चहाचा कप घेऊन माझ्याकडे बघत राहिले, आणि मी रिक्षावाल्याकडे.

घरी वहिनींनी कपाळाला हात लावला. "आवो, टायर बगताना लाथच मारत्यात! जगात समदी मारत्यात!"

"आपल्या पोरीला लाथ मारून कुणी बगितलं तर चालंल तुला?"

"मग जावा, हळदकुंकू लावून बगणारा शोधा!"

तसा तो मिळाला, जवळजवळ. शिरोलीकडे एक कंपनी होती. तिथल्या कारखान्यांतलं लोखंडी ओतकाम पुण्याला आणि दूर दक्षिणेत होसूरला पोचवायची. तिचे मॅनेजर वयस्कर मुसलमान गृहस्थ. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापुरातलं. सगळे त्यांना चाचा म्हणत. गाडी आल्याचं कळताच ते खुर्चीतून उठून बाहेर आले. हात पाठीमागे बांधून त्यांनी गाडीला एक फेरी घातली. पाठीमागे थांबून म्हणाले, "मागं काय लिवलं न्हाय ते?"

"लेकीच्या पाठीवर कोण लिवतंय?"

चाचांनी जरा विचार केला. "बरोबर हाय," म्हणाले. मग चपला काढल्या, खाली नीट जोडून ठेवल्या आणि केबिनमध्ये चढले. आत गणपती आणि जोतिबाचा फोटो होता, त्याला पाय लागणार नाही असे बेताने बसले. उतरल्यावर म्हणाले, "गाडीला वास चांगला हाय. माणूस निर्मळ दिसतोय."

यांनी माझ्याकडे पाहिलं. ठरलं.

चहा आला. हे दोन कप प्याले. मी करार वाचला. कुठल्या गाडीला कुठला माल द्यायचा हे मॅनेजर ठरवील, असं त्यात कलम होतं. मी त्यावर बोट ठेवलं. चाचा म्हणाले, "बाई, त्यो मॅनेजर मीच." मग आणखी काय विचारणार? सह्या झाल्या. साक्षीदार म्हणून मी सही केली आणि माझा फोन नंबर लिहिला. यांनी पिशवीतून नारळ, टॉवेल आणि टोपी काढली आणि चाचांच्या हातात दिली.

"हे कशाला?"

"रीत हाय."

चाचांना वाटलं, आभार मानायची यांची पद्धत असेल. त्यांनी टोपी कपाळाला लावून टेबलावर ठेवली, आणि हसत हसत दोघांनी गळाभेट घेतली. मला वाटलं, माझं काम संपलं.

तिथली कामाची पद्धत अशी होती. सकाळी सगळे ड्रायव्हर ऑफिसात जमत. चाचा स्वतः किटलीतून चहा ओतत, आणि कप हातात देता देता कुणी कुठे जायचं ते सांगत. "तू होसूर. तू पुणं. तू काल लांबनं आलास, आज जवळचं घे." दिवसाची वाटणी अशी चहावर होत असे.

आमचे गृहस्थ दुसऱ्या दिवसापासून आत गेलेच नाहीत. फाटकाबाहेर एका दगडावर बसत आणि आपली बाटली काढून पाणी पीत. कुणी चहाला बोलावलं तर हात जोडत, "नगं नगं, चालू द्या तुमचं." मग व्हायचं तेच झालं. चहा वाटून झाल्यावर उरलेलं काम त्यांच्याकडे येई: कागलला चार पेट्या, जयसिंगपूरला एक फेरी. गाडी लागलेली होती, पण चालत नव्हती. दसरा जवळ येत होता.

घरी त्यांनी एका शब्दानेही तक्रार केली नाही. "नवीन सून हाय. पयल्यांदा हलकीच कामं सांगत्यात," असं म्हणत. वहिनी मात्र भावाशी फोनवर बोलू लागल्या होत्या. घटस्थापनेनंतर भाऊ सांगलीच्या एका गिऱ्हाइकाला घेऊन आला. गिऱ्हाइकाने गाडीभोवती फिरून टायरला लाथ मारली. हे आंब्याला टेकून उभे होते. या वेळी ते गाडी घेऊन निघून गेले नाहीत. गिऱ्हाइकाला त्यांनी बॉनेट उघडून दाखवलं आणि आत निघून गेले. मला ते बघवलं नाही.

त्याच संध्याकाळी चाचांचा फोन आला. "बाई, तुमी साक्षीदार होतासा, म्हणून इचारतो. तुमच्या पावण्यांचं आमच्यावर काय बिनसलंय?"

"मला तर काही बोलले नाहीत."

"पयल्या दिवशी दोन कप घेटलं. सही झाल्यापास्नं पाणी बी शिवत न्हाईत. आमच्याकडं चहा नगं म्हणणारा माणूस उद्या गाडी काडून नेणार, अशी सगळ्यांची समजूत. मी तेस्नी लांबचं काम देऊ कसं? बाकीची पोरं काय म्हणतील?"

फोन ठेवला तेव्हा सुरेखा तिथेच होती, नवरात्रात माहेरी आलेली. मी तिला सगळं सांगितलं. ती आधी माझ्याकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली की तिला भिंतीला धरावं लागलं.

"आवो आजी, गाडी लेक हाय न्हवं त्यांची! दिली ती त्या घरात. मग सासरचं पाणी कसं पितील?"

"अगं, पण शाहूपुरीत तर चहा प्यायचे!"

"शेठनी जामीन राहून गाडी घिऊन दिलती. ते तिचं माहेर."

मी त्यांना बोलावलं आणि विचारलं. ते म्हणाले, "मग?" जणू मी सूर्य कुठून उगवतो ते विचारत होते.

"मग हे चाचांना सांगायला नको का? त्यांना वाटतंय तुम्ही रागावलात."

"सोयऱ्याला रीत शिकवाय जायचं व्हय? टॉवेल-टोपी घेटली की त्यांनी. तेस्नी समदं म्हाईत असणार."

"आबा," सुरेखा म्हणाली, "गाडी इकली जाईल."

"जाऊ दे की. लेकीच्या घरी पाणी पिलो असं कुणी म्हणाय नगं."

खंडेनवमीच्या सकाळी सुरेखा आणि मी रिक्षाने शिरोलीला गेलो. त्यांना सांगितलं नव्हतं. ते फाटकाबाहेर दगडावर बसले होते, शेजारी गाडी धुऊन हार घालून उभी. आम्हाला बघून उठले, पण सुरेखा थांबलीच नाही. सरळ आत गेली आणि सगळ्या ड्रायव्हरांसमोर चाचांना सगळं सांगून टाकलं. माझ्या घरी हसली होती, तशी इथे हसली नाही.

ऑफिसात मात्र हशा पिकला. एक जण ओरडला, "मग काय चाचा, गाडीला पोरगं व्हईस्तोवर थांबायचं का?" दुसरा म्हणाला, "बारशाला आमास्नी बी बलवा!"

चाचा हसले नाहीत. त्यांनी किटली खाली ठेवली, पाण्याचा एक पेला भरला आणि तो घेऊन फाटकाबाहेर आले. आम्ही मागे गेलो. हे उभे होते. चाचा त्यांच्यासमोर थांबले, पण पेला पुढे केला नाही.

"व्याही," चाचा म्हणाले, "एक सांगू? पयल्या दिवशी तुमी माझ्यासंगं चहा पिलासा. दुसऱ्या दिवसापास्नं बाटली. मला वाटलं, मधे तुमास्नी कुणी तरी सांगितलं, त्याच्या हातचं पिऊ नगा म्हणून."

यांना आधी समजलंच नाही. मग समजलं. माणसाचा चेहरा असा बदललेला मी पुन्हा पाहिला नाही. कपाळावरची ती कायमची आठी क्षणभर नाहीशी झाली.

"चाचा! मी... आवो, आमच्या गावात ईदच्या शेवया खाऊन मोटा झालो मी!"

"मला कसं कळणार त्ये? तुमी तोंड उगडलासा कुटं?"

"मला वाटलं, तुमास्नी म्हाईत हाय."

"मला एवडंच म्हाईत हुतं, की माझ्या दारात बसून एक माणूस रोज सोताचं पाणी पितोय. घरी जाऊन बायकोला बी सांगितलं न्हाई मी."

यांनी हात पुढे केला. चाचांनी पेला दिला. ते उभ्यानेच सगळं पाणी प्याले, एका दमात, घोट न मोजता. मग पेला दोन्ही हातांनी परत दिला आणि म्हणाले, "चहा असंल तर घेतो."

आत गेले आणि पहिल्यांदा बाकावर बसले. चाचांनी कपात चहा ओतला. कप हातात देताना म्हणाले, "तुमी होसूर. सांच्याला माल भरायचा." त्या बारशावाल्याने सरकून त्यांना जास्त जागा करून दिली.

गाडी वाचली होती. आता वहिनींना फोन करावा, म्हणून मी पर्समध्ये चष्मा शोधू लागले. तेवढ्यात माझ्या शेजारी उभी असलेली सुरेखा बोलली. आवाज चढवला नव्हता, पण ती आमच्याकडची मुलगी; सगळ्यांना ऐकू गेलं.

"चाचांस्नी लागलं त्ये तुमास्नी दिसलं, आबा. लगीच दिसलं."

ते वर बघू लागले.

"माझ्या दारात किती वर्सं पिलासा बाटलीतनं?"

एका ड्रायव्हरने उगीचच मोबाईल काढला. मला वाटलं, ते म्हणतील, रीत मी केल्याली न्हाय. त्यांनी चहा संपवला. कप उपडा घातला. चाचांना विचारलं, "माल सांच्याला म्हणलासा न्हवं?"

"सांच्याला."

"मग येतो जाऊन."

बाहेर येऊन त्यांनी केबिनचं दार उघडलं. "चल," सुरेखाला म्हणाले. आणि मला, "आक्का, तुमी बी चला. साक्षीदार लागतोय."

अशी मी त्या ट्रकमध्ये बसले. मुलांनो, तुम्ही सहज चढलात, पण मला चढवायला खालून सुरेखा आणि वरून ते, अशी दोघं लागली. माझी चप्पल चाचांनी उचलून दिली. वरून रस्ता फार वेगळा दिसतो, उसाच्या शेतांच्या पलीकडलंही दिसतं. बाहेर सगळीकडे गाड्या धुणं चाललं होतं, सायकलींनासुद्धा झेंडूचे हार होते. रस्ताभर सुरेखा खिडकीबाहेर बघत होती. ते गिअर बदलताना नेहमी गाडीशी काहीतरी पुटपुटत. त्या दिवशी पुटपुटले नाहीत.

हुपरीत तिच्या गल्लीत ट्रक जाणार नव्हता. तो स्टँडच्या बाजूला लावून आम्ही चालत गेलो. त्यांची पिशवी, बाटलीसकट, केबिनमध्येच राहिली होती. ते माझ्या लक्षात आलं.

जावई पैंजणं पसरून दारातच बसले होते. सासरे असे वेळीअवेळी आलेले बघून घाबरले. "आबा, काय झालं?"

"काय न्हाय. बसा तुमी."

ते पायरीवर बसले नाहीत. आत गेले, सतरंजीवर मांडी घालून बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. सुरेखा उभीच होती. ते तिला म्हणाले, "उन्हातनं आलोय."

एवढंच. ती आत गेली. ती बराच वेळ बाहेर आली नाही. आत भांडं घासल्याचा आवाज आला, मग परत तेच भांडं घासल्याचा. जावयाने माझ्याकडे पाहिलं आणि मी पैंजणांकडे.

ती तांब्याभांडं घेऊन आली. त्यांनी भांडं घेतलं नाही, तांब्याच घेतला, आणि वरून तोंडात धार धरून प्याले. गळ्याची घाटी वरखाली होत राहिली, शर्ट पुढून ओला झाला. तांब्या रिकामा करून त्यांनी खाली ठेवला आणि बाहीने तोंड पुसलं. डोळे पुसले की तोंड, ते मी नक्की सांगू शकणार नाही.

"हितलं पाणी गोड हाय की गं."

"नळाचंच हाय, आबा," सुरेखा म्हणाली, आणि रिकामा तांब्या उचलून आणखी आणायला आत गेली.